शंभर पाण्यांनी धुतलेलं तूप

"हात पुढं कर," तात्या म्हणाले. "उताणा."

मी केला. तात्यांच्या दोन हातांत रेशीम गुंडाळायच्या दोन कांड्या होत्या आणि मधे रेशमाचा एकच धागा, केसाहून बारीक. तो त्यांनी माझ्या तळव्यावरून ओढला. बोटांवरून बरा सरकला, मधे आला आणि अंगठ्याखाली जाऊन थांबला. त्यांनी जरा ताण दिला तशी धाग्याला लव सुटली.

"रेशीम अडकतंय. मागावर बसायचं नाही."

एवढं बोलून ते शाल सावरत बाहेर ओट्यावर उन्हाला जाऊन बसले. मी तिथंच हात पसरून उभी, प्रसाद मागितल्यासारखी.

याला आता बरीच वर्षं झाली. तेव्हा लग्न होऊन मला महिनाही झाला नव्हता. येवल्यातलं साळ्याचं घर, पुढच्या खोलीत दोन माग. एकावर तात्या, म्हणजे माझे सासरे, पैठणी विणायचे. दुसरा रिकामा, कारण त्यावर ज्यांनी बसायचं ते आमचे हे, रमाकांत, टेम्पो घेऊन कांद्याची भाडी मारत फिरत होते. रेशमात जन्मला आणि कांद्यात गेला, असं तात्या येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे. हे हसायचे आणि टेम्पोला किल्ली मारून निघून जायचे.

मी पण कांद्यातलीच. लहानपणी चुलत्यांच्या मागावर साडीचं साधं अंग विणायला शिकले होते. पदराला हात लावायची परवानगी नव्हती, पदर मोठ्यांचा. पुढं चुलत्यांनी माग मोडला आणि मी लासलगावच्या खळ्यांवर कांदे निवडायला लागले. कांदे निवडून निवडून हातांची खवणी झाली. तरी खट्‌खट्‌ मागाचा आवाज कुठं कानावर आला की माझे पाय तिथंच थांबायचे. खरं सांगते, या स्थळाला होकार दिला तो निम्मा त्या रिकाम्या मागासाठी. निम्मा यांच्यासाठी, नाही म्हणत नाही, दिसायला बरे होते.

आणि सासरी येऊन बघते तर तो माग तात्यांनी विकायला काढलेला. संक्रांत झाली की घेणारा येणार आणि सुटा करून घेऊन जाणार. मी धीर करून म्हटलं, विकू नका, मी बसते. तात्या नाही म्हणाले नाहीत. रेशीम अडकलं नाही तर बस, एवढीच अट घातली. ती अट माझ्या तळहातावर अडकली.

यात उडी घेतली ती जिजींनी. सासूबाईंना सगळे जिजी म्हणत. त्यांनी मला उजेडात नेलं, भेंडी मोडून बघावी तसे माझे हात उलटेपालटे करून बघितले आणि हुकूम सोडला, आजपासून राखेला आणि भांड्यांच्या पाण्याला हात लावायचा नाही. भांडी मी घासीन.

नव्या सुनेची भांडी सासू घासते म्हटल्यावर आळीत काय झालं असेल ते समजा. शेजारच्या गोदाकाकू मुद्दाम भिंतीपाशी येऊन उभ्या राहायच्या. सूनबाईंनी भांड्यांना न शिवायचा नवस केलाय का, असं एकदा त्यांनी विचारलंच. जिजी काथ्यानं भांडी घासता घासता म्हणाल्या, माझी सून, माझी भांडी, तुमचं काय जातंय. मला तर आभाळ ठेंगणं झालं. रात्री जेवताना मी यांना सांगितलं, अशी सासू शोधून सापडायची नाही. यांनी भाकरीचा घास गिळला आणि म्हणाले, आमची आई उगाच काही करत नाही, एवढं लक्षात ठेव. मी म्हटलं, तुम्हाला आईची किंमतच नाही.

मग सुरू झाले उपाय. पैसा न लागणारे, सगळे फडताळातले. पहिला लिंबू-साखरेचा. लिंबाच्या अर्ध्या फोडीवर साखर घालायची आणि तिनं तळवे घासायचे, मेलेली कातडी निघते म्हणे. मेलेली निघाली, थोडी जिवंतही निघाली. लिंबाचा रस भेगांत उतरला तशी मी परसभर नाचले. जिजी मात्र मन लावून बघत होत्या. नेमकं कुठं झोंबलं, किती वेळ झोंबलं, आता ठणकतंय की नुसतं चुरचुरतंय, सगळं विचारून घेतलं. मग म्हणाल्या, लिंबू बाद.

दुसऱ्या दिवशी साय आणि मध. रात्री लावून झोपले आणि सकाळी जाग आली ती मुंग्यांनी. उशीपासून हातापर्यंत त्यांची वरात लागलेली. हे उठून टेम्पोत जाऊन झोपले होते. जिजींनी इथंही चौकशी केली, मुंग्या भेगेत चावल्या की वर. मी म्हटलं, जिजी, मी त्यांना विचारलं नाही. त्यांनी ते मनावर घेतलं नाही. मध बाद, साय राहू दे, म्हणाल्या.

एवढी काळजी कोण करतं सांगा. मला भरून यायचं.

पण सायीनं काम सावकाश होत होतं आणि संक्रांत काही थांबणार नव्हती. घरात लाडवांसाठी तीळ आले, तिळाचं तेल आलं, आणि माझ्या डोक्यात किडा वळवळला. एका सकाळी तेल कोमट करून दोन्ही हातांना चोळचोळ चोळलं. वरचं फडक्यानं पुसून टाकलं. हात असे झाले की पेला धरला तरी निसटावा. तशीच गेले तात्यांपुढं. धागा सुळकन या टोकापासून त्या टोकाला गेला. मी मनातल्या मनात मागावर बसलेसुद्धा.

तात्यांनी तो धागा पांढऱ्या रेशमाच्या एका तुकड्यावर ठेवला आणि वरून कांडीनं दाबला. उचलला तर खाली पिवळसर रेघ.

"रेशमाला दोनच वैरी. एक खरबरीत हात, एक तेलकट हात. तू महिन्याभरात दोन्ही घेऊन आलीस."

जिजी दारात उभ्या होत्या. त्या रागावतील असं वाटलं होतं, पण त्यांनी तो पांढरा तुकडा हातात घेऊन बराच वेळ निरखला. तेलही बाद, असं पुटपुटल्या. मग कोनाड्यातून तुपाचं भांडं काढलं.

धुतलेलं तूप त्या दिवशी मी पहिल्यांदा बघितलं. तांब्याच्या परातीत घरचं तूप घ्यायचं, त्यावर थंड पाणी घालायचं आणि तांब्याच्या बुडानं घोटायचं. पाणी गढूळ झालं की ओतायचं, दुसरं घालायचं, परत घोटायचं. शंभर पाण्यांनी धुवायचं म्हणतात. मोजलं कुणी? जिजी पाणी ओतायच्या आणि मी घोटायची, खांदे मोडेपर्यंत. तुपाचा पिवळा रंग गेला, वास गेला, आणि परातीत लोण्याहून हलकं, पांढरंशुभ्र काहीतरी उरलं. रात्री ते हातांना लावायचं, वरून जुन्या धोतराचं मऊ फडकं गुंडाळायचं. सकाळी मसुराचं पीठ कोमट पाण्यात कालवून त्यानं हात धुवायचे, म्हणजे चिकटपणा औषधाला राहत नाही. साबण नाही, कढत पाणी नाही.

आणि लागू पडलं की हो. भेगा आधी काठाला मऊ झाल्या, मग मिटायला लागल्या. मी दिवसातून दहादा माझेच हात कुरवाळून बघायची.

एकच कळत नव्हतं. वाटीतलं तूप मी लावायची त्याच्या दुप्पट संपत होतं. जिजी म्हणाल्या, मांजर खातं. आमच्याकडं मांजर नव्हतं. गोदाकाकूंकडं होतं, पण त्याचे दात पडलेले आणि भिंत चढायची त्याला ताकद नव्हती.

इकडं तात्यांचंही काहीतरी बिनसलेलं. त्यांच्या मागावर एक साडी होती, बन्सीशेठ नावाच्या व्यापाऱ्याची. भोगीच्या दिवशी तो ती न्यायला येणार होता, कुणाच्या तरी मुलीच्या लग्नातली होती. पदरावर मोरांची शेवटची एक ओळ तेवढी राहिलेली. पण तात्या मागावर बसतच नव्हते. पदराची सोनेरी जर सुरतेहून आली नाही म्हणायचे आणि दिवसभर ओट्यावर शालीत हात खुपसून बसायचे. वरण-भातसुद्धा चमच्यानं खायला लागले होते. मला वाटलं, म्हातारपणी साहेबी सुचली.

एका दुपारी जिजींनी मला दळण घेऊन गिरणीत पाठवलं. गिरणीची लाईट गेलेली, म्हणून डबा तिथंच ठेवून मी लगेच परत फिरले आणि मागच्या दारानं आत आले. स्वयंपाकघरात तात्या पाटावर बसलेले. त्यांचे दोन्ही हात जिजींच्या मांडीवर, शेजारी माझ्या तुपाची वाटी.

"लिंबू नाही ना यात?" तात्या विचारत होते.

"नाही. लिंबानं तिचे हात कसे पोळले ते बघितलंय मी. हे तिला लागू पडलंय, तुम्हालाही पडेल."

"आणि तिला नसतं पडलं तर?"

"तर तुम्हाला लावलं नसतं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. एवढे दिवस मी या बाईच्या मायेनं विरघळत होते. मी सरळ पुढं जाऊन उभी राहिले आणि म्हटलं, म्हणजे ती भांडी, ती साय, त्या मुंग्या, यातलं माझ्यासाठी काहीच नव्हतं तर.

तात्यांनी झटकन हात शालीत ओढले. जिजी काही दचकल्या नाहीत. बोटांना राहिलेलं तूप त्यांनी स्वतःच्या टाचेला पुसलं आणि माझ्याकडं बघितलं.

"तुझ्यासाठी पण होतं. आधी तुझ्यावर होतं, एवढंच. यांचा हात बिघडला तर हे घर बसतं, शकू."

इतकं तोंडावर सांगितल्यावर माणसानं काय करावं? राग आला, रडू आलं, आणि खोटं कशाला बोलू, हसूही आलं. लिंबू बाद म्हणतानाचा त्यांचा तो चेहरा आठवला आणि माझ्यानं राहवेना. जिजींनाही हसू फुटलं. तात्या तेवढे खाली मान घालून बसलेले.

"दाखवा तिला," जिजी म्हणाल्या. "आता काय लपवायचं?"

तात्यांनी हात बाहेर काढले. आई गं. माझे हात त्यापुढं काहीच नव्हते. बोटांची पेरं उभी चिरलेली, तळवे उन्हाळ्यातल्या तळ्यासारखे तडकलेले, एका भेगेत रक्त सुकून काळं झालेलं. म्हणून तो चमचा. म्हणून धागा ओढताना कांड्या धरायच्या, रेशमाला बोट लावायचं नाही. सुरतेची जर कधीच आली होती, कपाटात पडून होती.

थंडीत भेगा दरवर्षी पडायच्या, जिजींनी सांगितलं, पण यंदा त्या भरेनात. तात्या एवढंच म्हणाले, की बन्सीशेठला कळलं तर तो ही साडी कशीबशी नेईल, पुढची देणार नाही. तात्यांचा हात गेला, असं पेठेत एकदा झालं की झालं. म्हणूनच दुसरा माग विकायला काढला होता. उद्या काम बंद पडलं तर हाताशी काही असावं म्हणून.

मी जिजींना विचारलं, तात्यांचे हात भोगीपर्यंत बरे होतील का. त्यांनी मान हलवली. नाही.

"मग मी बसते," मी म्हटलं.

तात्यांनी वर बघितलं. "मोर येतो तुला?"

"मला नाही येत. तुम्हाला येतो ना? तुम्ही सांगा, मी हात चालवते."

तात्या काही बोलायच्या आत जिजी उठल्या. पुढच्या खोलीतून दोन कांड्या आणल्या, माझा हात ओढून घेतला आणि मसुराच्या पिठानं धुतलेल्या त्या तळव्यावरून धागा ओढला. मनगटापर्यंत गेला. उलटा ओढला, परत आला. पांढऱ्या तुकड्यावर दाबला, काही उमटलं नाही.

तात्यांनी वाकून तो तुकडा निरखला. मग म्हणाले, "पुढचं दार लावून घे."

पदराला या काठापासून त्या काठापर्यंत सरसकट पळणारा धोटा चालत नाही. प्रत्येक रंगाची वेगळी कांडी घ्यायची आणि बोटांनी ताण्याचे उभे धागे उचलून तेवढ्या जागेपुरती फिरवायची. मी मागाच्या खड्ड्यात पाय सोडून बसलेली, मागं स्टुलावर तात्या. त्यांचे दोन्ही हात फडक्यात बांधलेले आणि तोंड सुटलेलं. हिरवा घे. तो नाही, त्याच्या पलीकडचा. ओढू नको, निजव. पहिल्या मोराची मान झाली तेव्हा ते म्हणाले, हे बदक आहे, उसव. उसवलं. दुसऱ्यांदा मान बरी आली तर डोळा चुकला. रोज बोटभर विणायचं आणि त्यातलं निम्मं उसवायचं. मधेच त्यांना राहवायचं नाही, फडक्यातला हात रेशमाकडं जायचा, की स्वयंपाकघरातून जिजी नुसतं "अहो" म्हणायच्या. त्यांना आत बसून कसं कळायचं देव जाणे.

शेजारी गोदाकाकूंना प्रश्न पडला होता, माग चालतोय, मग तात्या ओरडतात कुणावर? जिजींनी सांगितलं, मागावर.

मला शिव्या बसत होत्या, पाठ धरली होती, आणि मी इतकी सुखात होते की काय सांगू. तिसऱ्या मोरापासून तात्यांचं बोलणं कमी झालं. पाचव्याला तर मी मागं वळून बघितलं, जागे आहेत ना म्हणून. जागे होते. माझ्या बोटांकडं बघत होते.

एक मात्र त्यांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं. ही ओळ कुणी विणली ते घरातल्या चौघांच्या बाहेर जायचं नाही. आमच्या यांनाही तशी ताकीद दिली. मी कबूल झाले. मला मागावर बसायला मिळत होतं, नाव कुणाचं का होईना. माग विकायचं काय केलं, असं मी एकदा हळूच विचारलं, तर म्हणाले, आधी पदर उतरू दे.

पदर भोगीच्या आदल्या दिवशी उतरला. भोगीला सकाळी बन्सीशेठ आला, जाडजूड, बोलका माणूस. पांढऱ्या चादरीवर साडी उलगडली. त्यानं पदर सुलटा बघितला, मग उलटा केला, कारण पैठणी दोन्हीकडून सारखी दिसायला हवी. बोटानं एकेक मोर तपासत शेवटच्या ओळीपर्यंत आला. मी चहाचा ट्रे घेऊन दारात उभी.

"तात्या, मानलं बुवा," तो म्हणाला. "या थंडीत भल्याभल्यांचे हात आखडलेत. तुमचा हात बघा, इतकी वर्षं झाली, आहे तस्साच."

मी कपांकडं बघत राहिले. कबूल केलं होतं ना मीच. पण वाईट वाटलं. खूप वाईट वाटलं. इतकं वाटेल असं मला आधी वाटलं नव्हतं. वर बघितलं तर जिजी माझ्याचकडं बघत होत्या, आणि मग त्यांनी तात्यांकडं बघितलं.

तात्या खाकरले. शालीतून दोन्ही हात काढले आणि साडीशेजारी त्या पांढऱ्या चादरीवर उताणे ठेवले. भेगा तोवर अर्ध्यामुर्ध्या भरल्या होत्या, पण बघणाऱ्याला कळण्याइतक्या होत्या.

"हे माझे हात," ते म्हणाले. "महिना झाला, रेशमाला शिवलेलो नाही. ही ओळ सुनेनं विणलीय. मी नुसतं तोंड चालवलं."

बन्सीशेठ हातांकडं बघत राहिला. मग त्यानं परत पदर जवळ ओढला, चष्मा पुसून घातला आणि शेवटची ओळ पुन्हा पहिल्यापासून तपासली. आता तो चूक शोधत होता, हे मला कळत होतं. एका मोराच्या डोळ्यापाशी तो थांबला, वाकला, आणि पुढं गेला. शेवटी पदर खाली ठेवला.

"म्हणजे पुढची साडी तुम्ही विणायला घेणार का नाही?" त्यानं विचारलं.

"मला काय विचारतोस?" तात्या म्हणाले. "ती उभीये ना, तिला विचार."

त्या घरात कुणी माझा निर्णय विचारण्याची ती पहिली वेळ. मी ट्रे खाली ठेवला आणि म्हटलं, घेते. पण दुसऱ्या मागावर घेईन. या मागावर तात्या बसतील आता. आणि साडीच्या अंगाचा रंग मी ठरवणार.

बन्सीशेठनं तात्यांकडं बघितलं. तात्यांनी चहाचा कप उचलला, आज कितीतरी दिवसांनी बोटांनी धरून, आणि जिजींना म्हणाले, "त्या माग नेणाऱ्याला निरोप धाडा. येऊ नको म्हणावं."